मागं घेता येत नाही

उदगीर डेपोच्या लिलावात घेतलेली बस.
तिच्यात आता दोन पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी
आणि ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेल्या काचेला
प्रयागनं शिवलेला पडदा.
घर म्हणावं तर चाकं आहेत,
गाडी म्हणावी तर आत लसणाची फोडणी.

पण गल्लीबोळात घर शिरत नाही,
म्हणून मागं जीप.
पाटबंधारे खात्याची, फोर-व्हील,
दारावरची अक्षरं खरवडली तरी उन्हात दिसतात.
ट्रॉलीवर चढवलेली नाही, पुढून उचललेली नाही,
चारी पाय डांबरावर,
हाळीच्या बाजारातून आणलेल्या नव्या म्हशीसारखी
अंग चोरत येते.

मकदूम मिस्त्रीनं तिकोनी दांडा जोडला,
साखळ्या आडव्या ओवल्या
आणि पाढा म्हणून घ्यावा तसं म्हणून घेतलं:
छोटा डंडा बीच में.
बडा गेर में.
चाबी एक खटका, नै तो स्टेरिंग लॉक.
हँडब्रेक छोडे क्या? फिर से देखो.
मग नट आवळता आवळता, वर न बघता,
“और रिवर्स नै, साब. दो फूट बी नै.
डंडा मुड जाता.”

तीस वर्षं वर्कशॉपात काढली मी.
मागं न येणारी गाडी आली की
लाल खडूनं काचेवर फुली मारायचो.

लातूर गेलं, अंबाजोगाई गेली.
मी सारखा आरशात.
रिकामी सीट,
आणि तिच्यापुढं स्टेअरिंग आपलं आपण फिरायलंय.
मी डावीकडं वळलो की जरा थांबून तेही डावीकडं,
मी खड्डा चुकवला की तेही,
उशिरा, पण माझ्याच मापानं.
नाक्यावरच्या पोरानं विचारलं,
“काका, मागच्या गाडीत कोण हाय?”
“कुणी नाही.”
तरी पावत्या दोन फाडल्या त्यानं.

प्रयाग शेंगा सोलत होती.
“लई गुणाची हाय,” म्हणाली,
“न विचारता वळती.”
टरफलं खिडकीबाहेर.

धारूरचा घाट उतरताना
तिसऱ्या का चौथ्या वळणावर
समोर ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या.
कोयते, पत्रे, हंडे, कोंबड्यांचं डालगं,
गोधड्यांच्या ढिगावर एक बाई, मांडीवर तान्हं.
तेही घरच, निघालेलं.
ड्रायव्हर पोरगा उतरला, टोपी मागं सारली.
“दोन ट्रॉल्यांनिशी मागं जमत नाही, मामा.”
“मलाही नाही.”
दोघं हसलो. मग दोघं गप्प.
इकडं दरड, तिकडं खोल सीताफळांची झाडं.
कोंबड्याच काय त्या बोलत होत्या.

प्रयाग उतरली. पदर खोचला.
साखळ्या सोडल्या, पिना उपसल्या.
एक ताणावर होती, तिला पान्ह्याचे दोन ठोके.
छोटा दांडा फोर-लोला,
किल्लीचे राहिलेले खटके.
छप्पन्नाव्या वर्षी किल्ल्याजवळच्या मैदानात
विटा मांडून शिकलेली बाई
मान वळवून, चढाला, उलटी,
एका दमात वरच्या मोकळ्या जागेपर्यंत.
मग उभी राहून माझी बस घेतली तिनं,
“येऊ द्या, येऊ द्या, बास.
बास म्हणलं ना.”

ट्रॅक्टर गेला.
गोधड्यांवरच्या बाईनं हात केला,
मला नाही.

मी दांडा उचलला. “जोडायची?”
इंजिन चालूच होतं.
“तुम्ही व्हा पुढं.”

आरशात बघितलं. सीटवर कुणीतरी.
मी वळलो. ती वळली,
पण माझ्या मापानं नाही, थोडी आतून.
घाट सरला.
तेलगावच्या सरळ रस्त्याला
मागून हॉर्न.
साईड मागायलीय.